मोहरीचा गजर

सगळी इमारत डोळे पुसत रस्त्यावर उभी होती, तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की प्रयोग यशस्वी झाला. कुणी विचारलं नाही. सेक्रेटरी बोलण्याच्या स्थितीत नव्हते. समोरच्या मावशी बोलत होत्या, पण प्रश्न विचारत नव्हत्या. आणि माझा दादा, ज्याची खात्री पटावी म्हणून हा सगळा खटाटोप केला होता, तो रुमालात तोंड खुपसून शिंकत होता. त्या गर्दीत मी एकटीच कोरड्या डोळ्यांनी उभी होते. हे माझ्या विरोधात गेलं.

सुरुवात झाली होती दुधाच्या एका पातेल्यापासून. आत्या, म्हणजे आमच्या बाबांची धाकटी बहीण, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहायची. दादा आणि मी त्याच घरात वाढलो. पुढे आई-बाबा गेले, आम्ही आपापल्या संसाराला लागलो, आत्या तिथेच राहिली. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, आणि निवृत्तीनंतर तिचे कान गेले. त्याचं तिने फार मनाला लावून घेतलेलं मला कधी दिसलं नाही. "इतकी वर्षं साऱ्या गावाचं ऐकलं," ती म्हणायची, "आता पुरे." कानाला यंत्र लावलं की थोडंफार ऐकू यायचं. ओठ तर ती इतके सुरेख वाचायची की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिच्याविषयी कुजबुजण्याची सोय नव्हती. पण दुपारचं जेवण झालं की यंत्र डबीत जायचं, डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल यायचा, आणि त्यानंतर पृथ्वीवर काहीही घडो, आत्याचा त्याच्याशी संबंध नसायचा.

अशाच एका दुपारी दूध गॅसवर राहिलं. दूध आटलं, जळलं, धूर जिन्यात आला. समोरच्या मावशींनी आधी बेल वाजवली, मग हाताने दार ठोठावलं, मग लाटण्याने. शेवटी सेक्रेटरींनी त्यांच्याकडे ठेवलेली जादा किल्ली आणली, आत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. आत्या तिच्या नेहमीच्या वेळेला उठली, आणि घरात एवढी माणसं बघून म्हणाली, "चहा टाकू का सगळ्यांना?"

संध्याकाळी दादा आला. दादा विमा कंपनीत होता, त्यामुळे कुठल्याही घरात शिरला की त्याला आधी आग दिसायची आणि मग माणसं. त्याने जळलेलं पातेलं पाहिलं, पडद्याचं आणि शेगडीचं अंतर पाहिलं, आणि म्हणाला, "आता बास. आत्या माझ्याकडे येईल. हे घर काढून टाकू."

"तिला विचार तरी," मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? ती झोपलेली असताना घर पेटलं तर ती उठणार कशी, एवढंच मला कुणीतरी सांगा."

"दूध तापवायला विजेची शेगडी आणू."

"आग लागायला दूधच लागतं असं नाही," दादा म्हणाला, आणि आग कशाकशाने लागते हे त्याने आम्हाला बराच वेळ समजावून सांगितलं.

आत्या मोरीपाशी पातेलं घासत होती. पाठ आमच्याकडे होती, पण समोरच्या खिडकीच्या काचेत तिला आमचे ओठ दिसत असावेत. "तुझं घर चांगलं आहे रे," ती न वळता म्हणाली, "पण तुझ्याकडच्या सगळ्या फरश्या घट्ट आहेत."

"म्हणजे?"

"इथली दारासमोरची फरशी हलते. कुणी आलं की मला तळपायाला कळतं. तू आलास की जास्त हलते, ही आली की कमी. तुझ्याकडे कुणी आलं-गेलं मला कळायचंच नाही. मी आपली बसून राहीन, भांडं ठेवल्यासारखी."

दादा दुष्ट नव्हता, फक्त काळजी करण्याचा त्याला पगार मिळायचा. जाता जाता मला म्हणाला, "महिनाभरात तिला झोपेतून उठवणारी एक तरी गोष्ट दाखव. मी स्वतः परीक्षा घेईन. नाहीतर मी टेम्पो सांगतो."

मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. अडचणीकडे टप्प्याटप्प्याने जायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. पण आत्याच्या इमारतीत कुठलीही अडचण टप्प्याने सुटू देत नसत, सगळे एकदम यायचे. माझ्या नवऱ्याने, जो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, आधी लुकलुकणारा दिवा बसवला. रुमालापुढे दिव्याचं काही चाललं नाही. मग त्याने पलंगाला एक मोटर लावली. पलंग थरथरू लागला तशी आत्या कुशीवर वळली, आणि त्या दिवशी तासभर जास्त झोपली. उठल्यावर म्हणाली, "हे राहू दे. कंबरेला बरं वाटलं."

समोरच्या मावशींनी दोरी सुचवली. एक टोक आत्याच्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं दाराच्या फटीतून मावशींच्या हातात. मावशींनी जोर लावून ओढलं, आत्याने झोपेतच पाय आखडून घेतला, आणि मावशी आमच्या दारावर आपटल्या. सेक्रेटरींनी कुत्रा सुचवला, आणि सुचवून न थांबता स्वतःचा आणून दिला. पहिल्या दुपारी कुत्रा आत्याच्या पायाशी झोपला. दुसऱ्या दुपारी तो घोरला, असं मावशी शपथेवर सांगायच्या. आत्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

मला मार्ग सापडला तो कारखान्यात. सॉस आणि चटण्या करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. मोहरीची पेस्ट आणि हॉर्सरॅडिश नावाच्या, मुळ्याच्या लांबच्या नात्यातल्या एका मुळाची चटणी, या दोन बरण्यांचा तिखटपणा दर खेपेला सारखा आहे की नाही, हे बघणं माझं काम. आठवडा वाया गेल्याच्या तंद्रीत मी एक बरणी उघडली, आणि दोन टेबलं सोडून पलीकडे डुलक्या काढणारी टायपिस्ट बाई ताडकन उठून बसली. तिने कुठलाही आवाज ऐकला नव्हता.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. मोहरीचा दाणा अख्खा असतो तेव्हा अगदी गरीब असतो. त्याच्या एका पेशीत सिनिग्रिन नावाचा पदार्थ राहतो आणि शेजारच्या पेशीत त्याला तोडणारं विकर. मध्ये भिंत आहे तोवर शेजार उत्तम चालतो. दाणा चिरडला, पाण्याचा हात लागला, की भिंत पडते, दोघं समोरासमोर येतात, आणि त्या भांडणातून जे बाहेर पडतं त्याचं नाव अलिल आयसोथायोसायनेट. कारखान्यात आम्ही त्याला झणका म्हणायचो, कारण पूर्ण नाव उच्चारेपर्यंत तो उडून जायचा. या झणक्याची गंमत अशी की त्याचं मुख्य काम नुसत्या चवीचं नाही आणि नुसत्या वासाचंही नाही. चेहऱ्याच्या ज्या मज्जातंतूला चटका लागलेला कळतो, तोच त्याची वर्दी मेंदूला देतो. थोडक्यात, ती नाकाने केलेली तक्रार आहे. साध्या वासाने झोपलेला माणूस सहसा उठत नाही. तक्रारीने उठतो.

हे सगळं मला नोकरीच्या आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. रविवारी आई दगडी खल घेऊन स्वयंपाकघरात बसायची आणि मोहरी फेसायची. गार पाण्याचा थेंब थेंब सोडत, एका लयीत. ऊन पाणी घेतलं तर मोहरी कडू होते आणि चढत नाही. का, ते आईला ठाऊक नव्हतं आणि मला पुढे ठाऊक झालं, की उकळत्या पाण्याने ते विकरच मरतं. थोड्या वेळाने आत्या यायची, खलावर नाक धरायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि निकाल द्यायची, "चढली, वहिनी." मग उकडलेले बटाटे यायचे आणि आम्ही पाचजण रडत रडत जेवायचो. आमच्या घरातली पहिली प्रयोगशाळा म्हणजे आत्याचं नाक.

नवऱ्याला मी कल्पना सांगितली. त्याने विचारलं, "मोहरी चढायला किती वेळ लागतो?"

"फेसल्यापासून दहा-एक मिनिटं."

"बरं. आगीला तोवर बसायला खुर्ची देऊ."

म्हणून तयार अर्क घ्यायचं ठरलं. आमच्या साहेबांनी एक छोटी बाटली दिली आणि कारखान्याचं नाव कुठे घेऊ नकोस म्हणाले. नवऱ्याने धूर ओळखणारी चकती, बारीक झडप आणि छोटा पंखा असं एका जुन्या थर्मासच्या टोपणात बसवलं; ते टोपण आत्याच्या उशाशी भिंतीवर लागणार होतं. राहिली परवानगी.

सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. गजर बसवायचा आहे म्हटल्यावर त्यांनी इमारतीची नियमावली काढली.

"गजर ऐकू आला पाहिजे, असं इथे आहे."

"पण काका, तिला ऐकूच येत नाही."

"मग त्यांना गजर लागू होत नाही."

"लागू होत नाही म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी जागं व्हावं अशी नियमात तरतूद नाही. व्हायचं असेल तर हरकतही नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तुमचं यंत्र करतं काय नेमकं?"

"फवारतं."

त्यांचा चेहरा उजळला. फवारणीचा नियम होता. अशा रीतीने आत्याचा गजर झुरळांच्या औषधात जमा झाला, आणि 'तिसऱ्या मजल्यावर फवारणी, खाद्यपदार्थ झाकून ठेवावेत' अशी पाटी जिन्यात लागली. माझ्या शिक्षणाला हे लागलं, पण मी गिळलं.

राहता राहिलं प्रमाण ठरवणं. हे मी फार काटेकोरपणे केलं. थोडा अर्क सोडला, हुंगला, काही जाणवलं नाही. वाढवला. नाकाच्या टोकाशी किंचित गुदगुली झाली. आणखी वाढवला, तेव्हा कुठे झोपलेल्या माणसाला कळेल असं वाटलं. शिवाय म्हातारं माणूस, म्हणून वर थोडा घातला. नवरा म्हणाला, "दुसऱ्या कुणाला हुंगवून बघू या का?" मी म्हटलं, "मी हेच काम करते." त्या वाक्यात माझी चूक होती, अगदी जशीच्या तशी, आणि ती मी अभिमानाने उच्चारली.

परीक्षेच्या दुपारी आत्या जेवून झोपली. बाहेरच्या खोलीत दादा हातातल्या घड्याळाकडे बघत बसला. नवऱ्याने काडी ओढून विझवली आणि धूर चकतीखाली धरला. टोपणातून 'फुस्' असा आवाज आला, आणि पंखा फिरला.

पहिला दादा गेला. बसल्या जागेवरून उठला आणि जिना उतरायला लागला. पाठोपाठ नवरा. मी म्हणत होते, "अरे, थांबा तरी," तेवढ्यात न्हाणीघरांना जोडणाऱ्या उभ्या पोकळीतून झणका खाली-वर सगळीकडे पोचला. दारं उघडू लागली. मावशी एका पायात चप्पल घालून निघाल्या. सेक्रेटरी कुत्र्याला उचलून घेऊन पळत होते, की कुत्रा त्यांना ओढत होता, ते नीट कळलं नाही. सगळी इमारत रस्त्यावर आली, आणि मी सर्वांत शेवटी, सावकाश, आत्या पुढे गेली असेल असं धरून.

"हे झुरळांसाठी होतं?" मावशी म्हणाल्या. "मग आम्हाला का?"

सेक्रेटरींना बोलता येऊ लागलं तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "माप कशाने घेतलंत?"

"नाकाने. माझ्या."

"वीस वर्षं मोहरीच्या कारखान्यात असलेल्या नाकाने?" त्यांनी डोळे टिपले. "आणि ते माप शेवटचं तपासलं कुणी होतं?"

रोज झणका घेऊन घेऊन माझं नाक कधी बोथट झालं, हे मला कळलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या बरण्या मी रोज तपासत होते.

मग दादा म्हणाला, "आत्या कुठाय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्या नव्हती. दादाने रुमाल नळाखाली भिजवला, नाकाला बांधला आणि जिन्याकडे धावला. मी मागोमाग. पलंग रिकामा होता, उशीवर रुमालाची घडी. न्हाणीघरात नाही, गॅलरीत नाही.

आत्या स्वयंपाकघरात होती. टेबलाशी बसली होती, डोळ्यांतून धारा लागलेल्या, चेहरा प्रसन्न. समोर तिने ताटल्या मांडल्या होत्या. पाच. टवका गेलेली दादाची होती, ती दादाच्या जागेवर. बाबांची खिडकीपाशी.

"चढलीये चांगली," ती आम्हाला म्हणाली. अजून अर्धी झोपेतच होती. "बटाटे झाले का वहिनीचे?"

तेव्हा मला आठवलं, की रविवारी आई आत्याला हाक मारायची नाही. हाक मारायची कधी गरजच पडली नव्हती.

आत्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं, ताटल्यांकडे पाहिलं, आणि तिची झोप पूर्ण उडाली. ती ताटल्या उचलू लागली. दादाने त्याची धरून ठेवली. तो त्या खुर्चीवर जरा वेळ बसला. नाकावरचा रुमाल ओला होताच, त्याने तो डोळ्यांवरूनही फिरवला.

"उठली, हे मान्य," तो शेवटी मला म्हणाला. "पण उठून गेली कुठे? स्वयंपाकघरात. आग लागली तर ती आगीत जाऊन ताट मांडून बसेल."

हे खरं होतं. मी माझ्या घरी येऊन न जेवता बसले. माझा गजर आत्याला उठवत होता आणि तीस वर्षं मागे पाठवत होता. मज्जातंतूला नवं काही शिकवता येत नाही. पायांना येतं, असं मला पहाटेच्या चहाबरोबर सुचलं. वास तोच ठेवायचा, वाढायची जागा बदलायची.

दादाने आणखी एक परीक्षा कबूल केली, जरा मुदत वाढवून. या वेळी प्रमाण सेक्रेटरींच्या नाकाने ठरलं. त्यांनी खिडक्या लावून, टोपी काढून, गंभीरपणे हुंगलं आणि पूर्वीच्या एका लहानशा अंशावर "बरोबर" म्हणून हात वर केला. रविवारी दुपारी आत्या झोपली की मी टोपणातून एक फवारा सोडायचे, आणि खाली, पत्रपेट्यांजवळच्या बाकावर नवरा मोहरी आणि गरम बटाटे घेऊन बसायचा. पहिल्या दोनदा आत्या स्वयंपाकघराकडेच निघाली, आणि मी तिला दंडाला धरून जिन्याकडे वळवलं. तिसऱ्यांदा ती दारात घुटमळली. मग एका रविवारी आपली आपण उतरली, हातात स्वतःची वाटी आणि चमचा.

"खाली जेवायचं हे काय नवीन खूळ?" तिने विचारलं.

"तुला इथेच राहायचं आहे ना?" मी म्हटलं.

तिने माझे ओठ पाहिले, मग वाटी पुढे केली. "वाढ."

प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. झणका पोकळीतून सगळ्यांकडे जायचाच, त्यामुळे रविवारी मावशी उतरू लागल्या, घरची काकडी चिरून आणू लागल्या. खालच्या मजल्यावरून खुर्च्या आल्या. सेक्रेटरींनी 'फवारणी' खोडून पाटीवर काय लिहावं याचा दोन आठवडे विचार केला आणि शेवटी पाटीच काढून टाकली. ज्यांची आपसात बोलाचाली बंद होती ते एकाच वाडग्यावर वाकून रडायचे. कुणी कशाबद्दल रडतंय हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

दादाची परीक्षा मात्र झालीच नाही. त्याआधी एका मधल्याच वारी, टळटळीत दुपारी, सेक्रेटरी पत्रपेटी उघडत होते आणि आत्या जिना उतरून आली. कानाला यंत्र नाही, केस विस्कटलेले, हातात वाटी-चमचा. बाकावर बसली.

सेक्रेटरींनी तिच्यासमोर जाऊन, ओठ मोठे करून सांगितलं, "आज रविवार नाही."

"मग वास कसा आला?" आत्या म्हणाली.

सेक्रेटरींनी वाटीकडे पाहिलं, मग वर जिन्याकडे. आपले गुडघे गेले आहेत असं ते सगळ्यांना सांगायचे, पण त्या दिवशी ते तीन मजले कसे चढले हे मावशींनी पाहिलंय. इस्त्री चालू राहिली होती. टेबलावरची चादर पेटून पडद्यापर्यंत पोचली होती. त्यांनी वीज तोडली, मावशींनी बादल्या ओतल्या, आणि भिंत काळी होण्यावर भागलं.

दादा कचेरीतून तसाच आला. वर जाऊन भिंत पाहिली, पलंग पाहिला, त्या दोघांमधलं अंतर पाहिलं. खाली आला तेव्हा आत्या अजून बाकावर होती. सगळे वर धावपळ करत असल्यामुळे तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं, आणि ती चांगलीच रागावली होती.

"आलास?" ती म्हणाली. "बोलावून घेतात आणि वाढत कुणी नाही."

दादा तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "बस इथेच. मी आणतो." वर जाऊन त्याने आईचा खल शोधला. मी पोचले तेव्हा तो जळक्या वासाच्या स्वयंपाकघरात, कोट न काढता, मोहरी कुटत होता.

"पाणी गार घे," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मीही याच घरातला आहे." जरा वेळाने खल माझ्याकडे सरकवला. "चढली का बघ." मग त्याला आठवलं, आणि तो खल घेऊन खाली आत्याकडे गेला.

टेम्पोचा विषय त्यानंतर निघाला नाही. आत्या त्याच घरात राहिली, हलत्या फरशीसकट, शेवटपर्यंत. ती गेल्यावर टोपण नवऱ्याने उतरवलं. रविवार आणखी काही दिवस चालले, मग एकेक खुर्ची कमी होत गेली.

मी निवृत्त झाले, आणि हळूहळू माझं नाक परत आलं. आधी साबणाचा वास कळला, मग पावडरचा, मग पुस्तकांचा. परवा खूप दिवसांनी मी आईच्या खलात मोहरी फेसली. लय जमायला वेळ लागला. मग एकदम नाकापासून कपाळापर्यंत कळ गेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, भर रस्त्यात त्या दिवशी यायला हवं होतं तेवढं. भानावर आले तेव्हा मी वाटी-चमचा घेऊन आमच्या घराच्या जिन्याच्या निम्म्यावर उभी होते.

वरून नवऱ्याने विचारलं, "कुठे निघालीस?"

"खाली," मी म्हटलं. "तूही ये. येताना बटाटे आण."